कंपनीला तुरुंगात कसं टाकणार?

आजच्या भागात एका आकड्याची गोष्ट. ५,०१,७५० रुपये. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीला केलेला हा दंड. डिसेंबर १९८४मध्ये तिच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, हजारो माणसं गेली. निकाल लागला साडेपंचवीस वर्षांनी.

मला प्रश्न पडला, वरचे १,७५० कुठून आले? फोड केली तर कळलं. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूंसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी १,०००, साध्या दुखापतीसाठी ५००, जीव धोक्यात घातल्याबद्दल २५०. शेवटच्या तिन्ही रकमा म्हणजे १८६०च्या दंड संहितेतली कमाल मर्यादा. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत, हार्डकोड केलेली. दोषी अधिकाऱ्यांना दंड झाला प्रत्येकी १,०१,७५०. म्हणजे वरचे १,७५० माणसाला आणि कंपनीला अगदी सारखेच!

अधिकाऱ्यांना दोन वर्षं कैदही सुनावली. पण कंपनीला कोठडीत कसं टाकणार? यावर सर्वोच्च न्यायालयही अडलं होतं. २००३मध्ये वेल्लियप्पा टेक्स्टाइल्स खटल्यात दोन विरुद्ध एक मताने ठरलं, की जिथे कैद सक्तीची आहे तिथे कंपनीवर खटलाच चालवता येत नाही. आता गंमत बघा. किरकोळ गुन्ह्यात नुसता दंड चालतो, म्हणून कंपनी अडकणार. मोठ्या गुन्ह्यात कैद सक्तीची, म्हणून सुटणार! ५ मे २००५ रोजी स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तीन विरुद्ध दोन मताने हे उलटवलं. कैद शक्य नसेल तर दंड करा, पण खटला चालवा.

ठीक, पण दंड किती? निष्काळजीपणाने मृत्यूच्या कलमात कमाल रक्कम लिहिलेलीच नव्हती. म्हणजे ५ लाखांच्या वर जायला कायद्याची आडकाठी नव्हती. पण किती वर जायचं, याचं सूत्रही नव्हतं.

अमेरिकेत १९९१पासून फसवणूक, लाच अशा गुन्ह्यांसाठी असं सूत्र आहे. गुन्ह्यातून झालेला फायदा किंवा केलेलं नुकसान बघून मूळ रक्कम काढायची. मग वरिष्ठ सामील होते का, तपासात अडथळे आणले का, यावरून तिला ०.०५ ते ४ पटींनी गुणायचं. शिवाय कंपनीला काही वर्षं न्यायालयाच्या देखरेखीखाली ठेवता येतं.

आपल्याकडे १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली. २५०चे २,५०० झाले, ५००चे ५,०००, १,०००चे १०,०००. १६४ वर्षांत एक शून्य वाढलं. समोर माणूस आहे की कंपनी, हे ती कलमं आजही विचारत नाहीत.