दरवर्षी नवी लस कशासाठी?

गोवराची लस लहानपणी दोन वेळा टोचली की बहुतेकांना ती जन्मभर पुरते. मग फ्लूची किंवा कोविडची लस पुन्हा पुन्हा का? मागची लस खोटी होती का? वर्गात हा प्रश्न हमखास येतो आणि 'विषाणू बदलतो' एवढे सांगून आपण तो मिटवतो. उत्तर चूक नाही; पण हे माणसाला कळले कसे, ती हकिकत मुलांना सांगण्याजोगी आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. रोगाचे खरे कारण तेव्हा ठाऊक नव्हते. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रोग्याच्या घशातील स्राव फेरेट या प्राण्याच्या नाकात सोडला आणि माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा केला. पुढे तो कोंबडीच्या अंड्यांत वाढवता येऊ लागला व लशीची वाट मोकळी झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी थॉमस फ्रान्सिस व जोनास साल्क यांनी मृत विषाणूंची लस तयार केली. १९४३ मध्ये १२,००० हून अधिक जणांवर तिची चाचणी झाली. लस टोचलेल्यांत आजाराचे प्रमाण इतरांच्या सुमारे एक तृतीयांश निघाले. रोग आटोक्यात आला, असे वाटणे स्वाभाविक होते.

१९४७ च्या वसंतात मात्र मिशिगन विद्यापीठात साथ आली. लस घेतलेले व न घेतलेले विद्यार्थी जवळजवळ सारख्याच प्रमाणात आजारी पडले. लस बिघडली होती का? नाही. लशीने तयार झालेली प्रतिपिंडे जुन्या विषाणूला ओळखत होती, पण नव्या विषाणूचे बाह्य रूपच पालटले होते. स्वतःच्याच लशीचे हे अपयश फ्रान्सिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले. ते दडपले असते, तर पुढचा मार्ग सापडायला उशीर झाला असता.

तो मार्ग म्हणजे पाळत. १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंवर नजर ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच, आणि आज तीही या जाळ्यात आहे. जमलेल्या नमुन्यांवरून आता फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लशीतले विषाणू ठरतात. लस बनवायला सुमारे सहा महिने लागतात. म्हणून हा अंदाज आधीच बांधावा लागतो आणि तो कधी कधी चुकतो.

कोविडच्या लशीनेही हीच वाट धरली. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा लशी मूळच्या विषाणूवर बेतलेल्या होत्या. ओमायक्रॉन आल्यावर संसर्ग रोखण्याची त्यांची ताकद घटली. गंभीर आजारापासूनचे संरक्षण बरेचसे टिकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५ आणि २०२४ मध्ये जेएन.१ या प्रकारावर आधारित लस सुचवली. शिवाय प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात. म्हणूनच वृद्ध व इतर जोखमीच्या व्यक्तींसाठी अनेक देश ठरावीक काळाने नवी मात्रा देतात.

लस अशी अंदाजावर चालते, म्हणून बाकीची काळजी सुटत नाही. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवणे, खोकताना तोंड झाकणे, हात धुणे, ताप असेल तर घरी राहणे, या गोष्टी विषाणूचे रूप पालटले तरी उपयोगी पडतात. पण इथे आपल्यालाही एक प्रश्न आहे. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस आपणच देतो ना? तापाने फणफणलेले मूल ते बक्षीस मिळवण्यासाठी वर्गात येऊन बसते आणि त्याच्या घरची किंवा शेजारच्या बाकावरच्या मुलाची आजी अंथरूण धरते. लस कोणती, हे आपल्या हाती नाही. हजेरीचा नियम मात्र आहे.