गिरकी, सुकाणू आणि मर्यादा : स्वदेशी प्रशिक्षण विमानांच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

भारतीय विमानविद्येच्या इतिहासात कोल्हापूरकडील विष्णु माधव घाटगे (१९०८-१९९१) यांचा उल्लेख बहुधा ‘पहिल्या स्वदेशी विमानाचे रचनाकार’ एवढ्यावरच थांबतो. गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलेल्या या शास्त्रज्ञासमोर एचटी-२ या प्रशिक्षण विमानाच्या वेळी जो पेच होता, त्याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. शिकाऊ वैमानिकाला गिरकीचा अनुभव द्यावयाचा, म्हणजे विमान गिरकीत शिरले पाहिजे; आणि त्याच अननुभवी हाताने ते हमखास बाहेरही आले पाहिजे.

पंखांवरील वायुप्रवाह सुटून विमान एका अंगाला वळले की एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक निकामी होतो व विमान मळसूत्राप्रमाणे फिरत खाली येते. भेदरलेला वैमानिक स्वाभाविकपणे दांडा मागे ओढतो आणि गिरकी टिकवून धरतो. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क यांनी सुकाणू गिरकीच्या उलट दिशेला दाबून विमान सावरले. पुढे पहिल्या महायुद्धात फार्नबरो येथे लिंडेमान यांनी स्वतः विमान गिरकीत नेऊन मापने घेतली. इंजिनाची शक्ती कमी करणे, उलट सुकाणू, नंतर दांडा पुढे, हा क्रम पुढे रूढ झाला.

परंतु क्रम पाठ असणे पुरेसे नसते. गुरुत्वमध्य मागे सरकला किंवा वजनाची वाटणी बदलली, तर तेच विमान वेगळे वागते. टायगर मॉथला दुसऱ्या महायुद्धकाळात शेपटीजवळ गिरकीरोधक पट्ट्या बसवाव्या लागल्या. याच विमानाची जागा ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडालेल्या एचटी-२ ने वायुसेनेत घेतली.

हा प्रश्न पुढील पिढीलाही सुटला नाही. ७ मार्च २००३ रोजी उडालेले एचजेटी-३६ गिरकीपाशीच अडले. आडव्या शेपटीच्या आडोशात सुकाणूचा बराच भाग झाकला गेल्यास ते निष्प्रभ ठरते, हे रचनाशास्त्रातील जुने ज्ञान. अखेर उभी शेपटी मागे सरकवून सुकाणू वाढविण्यात आले, आणि जानेवारी २०२२ मध्ये डाव्या-उजव्या अंगाला सहा-सहा फेऱ्यांची गिरकी यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. पहिल्या उड्डाणापासून तोवर जवळजवळ १९ वर्षे उलटली होती.