भोपळा, डबा आणि टँक

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोराला सुट्टीत टँकवर घालू का रे? मला भीती वाटते." कोल्हापुरात जलतरण तलावाला सगळे टँकच म्हणतात. मी पटकन 'घाल की' म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, हा प्रश्न आमच्या आजोबांना कुणी विचारलाच नसता.

कारण हे गावच तळ्यांचं. रंकाळा, कोटितीर्थ, कळंबा अजून आहेत. पण वरुणतीर्थ बुजवून त्याचं गांधी मैदान झालं, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभं राहिलं, कपिलतीर्थाची मंडई झाली. शिवाय पंचगंगेचा घाट आणि मळ्यातल्या विहिरी होत्याच. पोरगं सहा-सात वर्षांचं झालं की पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. चार दिवस नाका-तोंडात पाणी, पाचव्या दिवशी पोरगं काठावरून मुटका मारतंय!

ऐकायला हे अघोरी वाटतं. पण नीट आठवून बघा. त्या डब्याला दोर असायचा आणि दोराचं टोक काकाच्या नाहीतर मामाच्या हातात. एका पोरामागे एक जाणता माणूस, आणि त्याची नजर पोरावरून हलायची नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा नदीत गेला तो पोहायला शिकताना नव्हे. भर दुपारी कुणाला न सांगता, दोघे मित्र बरोबर घेऊन गेला होता. त्याची आई पुढे कितीतरी वर्षं घाटाच्या बाजूला फिरकली नाही.

मग पाणीच बिघडलं. सांडपाणी आणि कारखान्यांची घाण पंचगंगेत जात राहिली. 2012 साली खाली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ, हिपॅटायटिस ई. पोहताना पोरं घोट-दोन घोट पाणी गिळतातच. त्यामुळे नदी सुटली आणि टँक आला. त्यात आपला वीरधवल खाडे 2008 साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायला त्यानं ब्राँझ आणलं. खजान सिंगच्या 1986 च्या रौप्यानंतर पोहण्यात भारताला 24 वर्षांनी मिळालेलं पदक! कोल्हापूरकराची छाती फुगणारच.

पण टँक म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. क्लोरीन बहुतेक जंतू काही मिनिटांत मारतं, पण जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू त्यातही काही दिवस तग धरतो. म्हणून पोट बिघडलेलं पोर पाण्यात उतरवायचं नाही, आपलं असलं तरी. आणि तो डोळे चुरचुरवणारा 'क्लोरीनचा वास' स्वच्छतेची खूण नव्हे बरं का! घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो येतो. आधी साबण लावून अंघोळ करा, ही पाटी शोभेची नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बुडणारं पोर सिनेमातल्यासारखं 'वाचवा' म्हणून ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडणार कुठून? अर्ध्या-एक मिनिटात, गुपचूप खाली जातं. काठावर जीवरक्षक असतो, पण त्याच्यासमोर पन्नास डोकी असतात. संयुक्त राष्ट्रांनी 2021 साली ठराव करून 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. लहान मुलांवर मोठ्या माणसाची सतत नजर हवी, हे आता जगभर सांगतात. आमच्या काकाला ते दोर धरताना ठाऊक होतं.

असो. रात्री बहिणीला पुन्हा फोन केला. म्हटलं, "घाल टँकवर, पण त्या तासाभरात मोबाईल पिशवीत ठेव. आता दोर नाही, तुझी नजर हाच दोर."

ती म्हणाली, "मग तूच ये की रे सोबत."

येत्या रविवारी निघतोय.