बियाण्याची ओळखपरेड

बी हातात घेऊन ते कोणत्या वाणाचे, हे सांगणे भल्याभल्या जाणकारालाही जमत नाही. बियाण्यातली लबाडी याच अडचणीवर पोसली गेली. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाच्या बियांत रंगवलेले बारीक खडे मिसळत. अशा भेसळीच्या काळात, १८६९ मध्ये, सॅक्सनीतील थारांट येथे फ्रीडरिश नोबे यांनी बीजपरीक्षणाचे केंद्र काढले. खडे निवडता येतात. पण एकाच पिकाचे दोन वाण कसे निवडणार? त्यावर एकच उपाय होता. पेरायचे आणि वाट पाहायची.

संकरित कापसाने ही वाट फार महाग केली. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचा 'एच-४' हा संकरित कापूस आला. त्याचे बी हाताने तयार होते. संध्याकाळी मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर खुडायचे, दुसऱ्या सकाळी नर वाणाचे पराग लावायचे. हे बोटांचे काम बहुतांशी बायकामुलींनीच केले, त्यांची नोंद मात्र कुठल्याच थैलीवर नसते. एखादा पुंकेसर राहून गेला, तर त्या बोंडातले काही बी संकरित न होता निव्वळ आईच्या वाणाचे निघते. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून प्रत्येक लॉटचा नमुना पेरून झाडे फुलाबोंडावर येईपर्यंत थांबायचे. निकाल येईतो हंगाम उलटायचा.

तो हंगाम डीएनएने वाचवला. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली आणि डीएनएचा हवा तो तुकडा नळीत वाढवता येऊ लागला. संकरित बियाण्यात आईबाप दोघांच्या खुणा दिसतात, फसलेल्यात एकट्या आईच्या. आता यंत्रे बियाचा टवका काढून ९६ किंवा ३८४ खळग्यांच्या तबकडीत तपासू शकतात. अंकुर शाबूत राहिला, तर उरलेले बी पेरताही येते.

पण यंत्र फक्त जुळणी करते. संग्रहातल्या नमुन्यावर जे नाव लिहिलेले, तेच ते सांगणार. इथे मला दादाजी खोब्रागडे आठवतात. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड या खेड्यात, १९८३ मध्ये त्यांना 'पटेल-३' भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षे वाढवल्या. त्या तांदळाला एचएमटी हे नाव मिळाले ते तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून. पुढे कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित केला आणि श्रेयाचा वाद उभा राहिला. दोन्ही तांदूळ यंत्रात शेजारी ठेवले, तर नाते उघड होईल. शेतात कोणाचे डोळे त्या लोंब्यांवर थांबले होते, ते कसे दिसणार?

२००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यालाही आपल्या वाणाची नोंदणी आपल्या नावे करता येते. त्यासाठी बियाण्याचा नमुना द्यावा लागतो. तो पेरतात, झाडाची उंची, लोंबी, दाणा मोजतात. तिथे पुन्हा हंगामभर थांबणे आलेच.