अरुणोदयाच्या आत चीवर

निलंग्याहून औराद शहाजानीकडे निघा. तिथं तेरणा मांजरेला येऊन मिळते. तिचा काठ धरा आणि उलट्या दिशेनं, वर चालू लागा. माकणी मागं पडली की हळूहळू डांबरी रस्ता संपतो, विजेचे खांब दिसेनासे होतात, मोबाईलची रेंज जाते ती कायमचीच. पायाखाली काळी माती, दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेला कापूस. आणि मग समोरून गाड्यांचा करकराट. तुम्ही तगरला पोहोचलात, म्हणजे आपल्या तेरला. सातवाहनांचं राज्य आहे, एवढं ठाऊक असलं तरी आज भागेल.

अंग चोरून चाला, नाहीतर बैलाचं शिंग लागेल. गाड्यांवर कापडाचे गठ्ठे रचलेत, जाडंभरडंही आणि तलमही. हा माल भडोचच्या बंदरात जाणार आणि तिथून समुद्रापार. ‘पेरिप्लस’ हे समुद्री व्यापाराचं टिपण लिहिणाऱ्या ग्रीक माणसानं तगरचं नाव नोंदवलं ते याच कापडापायी. शेण, घाम, तिळाचं तेल आणि कोऱ्या कापडाची खळ, सगळे वास एकमेकांत मिसळलेत. आश्विन पौर्णिमा नुकतीच झालीय, पण ऊन असं की टाळू तापते. गर्दीतून एक उपासक डोक्यावर पांढऱ्या कापडाचा गठ्ठा घेऊन विटांच्या विहाराकडे निघालाय. त्याच्या मागं चला.

दारातच थांबवतील. पाय धुवा, आणि धुतलेले पाय कोरडेही करा. आत जमिनीवर चौकट अंथरलीय, तिच्यावर कापड ताणून बांधतात. तिचं नाव कठीण. मळक्या किंवा ओल्या पायांनी तिच्यावर पाय द्यायचा नाही, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियमच आहे.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू एका जागी राहिले. वर्षावास संपला की महिनाभरात संघाला न मागता कापड मिळालं, तर ते एका भिक्षूला द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याच दिवशी त्याचं चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, करायचं. कापणं, शिवणं, रंगवणं, सगळं उद्याच्या अरुणोदयाच्या आत. म्हणून ही लगबग. कापडाची सोय कुठं कुठं किती नेटकी होती, ते नाशिकच्या लेण्यात कोरलेलं आहे: उषवदात नावाच्या दात्यानं विणकरांच्या श्रेणींकडे 3000 कार्षापण कायमची ठेव ठेवली, आणि त्यातल्या 2000 च्या व्याजातून वर्षावासातल्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी लावून दिले.

आता बघा, इथं तुमचा जीव हळहळणार. बाजारात ज्याला चांगला भाव आला असता त्या अखंड कापडावर एक थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, सुरी चालवतात. सर्र. पट्ट्या पडतात. मगधातली बांध घातलेली भातशेती दाखवून बुद्धांनी आनंदांना विचारलं होतं, असं चीवर करता येईल का? आनंदांनी ते बेतलं. कापून जोडलेलं वस्त्र श्रमणाला शोभतं आणि चोराला त्याचा मोह होत नाही. माझ्या मते या साधनेचा गाभा इथंच आहे, टाका घालण्याच्याही आधी. हातातल्या वस्तूचा भाव आपल्याच हातानं उतरवायचा, आणि मग तिच्यावर दिवसभर जीव ओतायचा.

बसा. हळदीत भिजवलेला दोरा ताणून पट्टीवर आपटतात, सुतार काळ्या दोऱ्यानं लाकडावर रेघ मारतो तसा. पिवळी रेघ उमटते. टाक्यांतलं अंतर सारखं यावं म्हणून मापाला ताडपत्राचा तुकडा आहे. बांबूच्या नळीतून सुई निघते, सातूच्या पिठात माखलेली, गंज चढू नये म्हणून. बोटाला हाडाचं अंगुस्तान. चैन आहे ही! पूर्वी भिक्षू कोंबडीच्या पिसानं आणि बांबूच्या कामट्यांनी शिवायचे.

ओवा दोरा. पहिले पाच-सहा टाके छान पडतात. मग मन निलंग्याला जातं, बँकेचा हप्ता, पोराची फी, आणि सुई बोटात. शेजारचे वृद्ध भन्ते रागावत नाहीत. तुमचे वाकडे टाके उसवून, सुई पुन्हा तुमच्याच हातात देतात.

पलीकडे तरुण भिक्षूंच्या गप्पा रंगल्यात. सुई-दोरा आला की माणसं बोलतातच, तुमच्या घरी वाकळ शिवायला बसलेल्या बायकांना विचारा. पण इथं थेर हळूच खाकरतात. चीवरं शिवायला जमलेल्या भिक्षूंचा मेळा पाहून बुद्धांनी आनंदांना संगतीत रमण्याबद्दल बजावलं होतं, ते सर्वांना पाठ आहे. आवाज बसतो. कापडातून दोरा ओढल्याची सरसर ऐकू येऊ लागते.

दुपारनंतर पोटात कावळे ओरडतील. जेवण मध्याह्नाच्या आत झालं ते झालं. केळीचं पेय मिळेल, तेवढ्यावर भागवा.

दिवेलागणीला मागच्या अंगणात चला. हंड्यात साली आणि मुळं उकळताहेत, धुरानं डोळे चुरचुरतात, तुरट वास घशात बसतो. एक भिक्षू रंगाचा थेंब नखाच्या पाठीवर टाकतो. पसरला, म्हणजे अजून कच्चा. रंग उतरला की चीवर बुडवून दोरीवर टाकतात, आणि खरी कसोटी आता लागते. रंग एका अंगाला ओघळू नये म्हणून ते पुन्हा पुन्हा उलटायचं. थेंब गळायचे थांबेपर्यंत जागा सोडायची नाही, हाही नियमच. दिवसभर ताठलेली मान, टोचलेली बोटं, आणि आता नुसतं उभं राहून गळणाऱ्या थेंबांकडे लक्ष ठेवणं. स्मृती ठेवणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा या एका नियमातून जास्त कळतं.

फटफटायच्या आत चीवर तयार होतं. तुम्ही परतीची वाट धरा.

जाताना तेरचं त्रिविक्रम मंदिर जरूर पाहा. त्याची मागची अर्धगोल बाजू पाहून ते मुळात बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक मानतात. लामतुरे संग्रहालयात जुन्या तगरच्या वस्तू आहेत. आणि वर्षावास आजही संपतो, कठीण चीवरदान आजही होतं, फक्त बहुतेक ठिकाणी चीवर दुकानातून तयार येतं. यंदा आश्विन ते कार्तिक पौर्णिमेदरम्यान आपल्या विहारात भन्तेजींना विचारून एक तरी चीवर सगळ्यांनी मिळून हातानं शिवा. कापड, सुई, दोरा आणि एक दिवस, एवढंच लागतं.