कुष्ठरोगाची रिॲक्शन आणि स्टेरॉइडचे पर्याय

कुष्ठरोगाच्या जंतूंच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती उसळली की अंगभर लालसर, दुखऱ्या गाठी येतात. ताप चढतो, सांधे सुजतात, डोळे लाल होतात, नसा ठणकतात. वैद्यकात ही दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया. रुग्ण आणि आरोग्यसेवक तिला नुसते ‘रिॲक्शन’ म्हणतात. कित्येकांमध्ये ती वर्षानुवर्षे उलटत राहते.

पूर्वी उपचार किती दूर असत, हे एका तालुक्यावरून कळते. मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद, हा जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडचा तालुका. गावाबाहेर काढलेल्या रुग्णाला इथून आसऱ्याची नावाजलेली ठिकाणे फार लांब होती. मुंबईत वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय १८९० पासून होते, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम १९३६ मध्ये उभे केले आणि शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन अमरावतीला १९४६ मध्ये आले. औषध होते कडू कवठाचे तेल. त्याची इंजेक्शने अतिशय दुखत आणि गुण बेताचाच येई.

डॅप्सोनच्या गोळ्यांनी हे चित्र बदलले. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर त्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. मात्र उपचार चालू असतानाच रिॲक्शन येऊ लागली, की रुग्णाला वाटे, औषधच बाधले. तो गोळ्या सोडून देई. ॲस्पिरिन आणि क्लोरोक्विन सौम्य त्रासापुरतीच उपयोगी पडत. १९४८ मध्ये संधिवातावर गुणकारी ठरलेले कॉर्टिसोन आणि पुढे प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडे हाती आली, तेव्हा वेदना काही दिवसांत ओसरू लागल्या. मात्र डोस कमी करताच गाठी पुन्हा उठत आणि डोस पुन्हा वाढे. त्यातून मधुमेह, ठिसूळ हाडे, मोतीबिंदू, दबलेला क्षयरोग उफाळणे हे सारे मागे लागे. पर्यायाचा शोध सुरू झाला तो यामुळे.

पहिला मोठा पर्याय अनपेक्षित ठिकाणाहून आला. हजारो बालके व्यंगासह जन्मल्याने १९६१ मध्ये थॅलिडोमाइड बाजारातून मागे घेतले गेले होते. जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी रिॲक्शनने तळमळणाऱ्या रुग्णाला ते झोपेसाठी दिले, आणि गाठीच विरल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत ते ॲस्पिरिनहून सरस ठरले. तिचे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत फक्त पुरुष होते. गरोदरपणाची शक्यता असलेल्या स्त्रीला हे औषध देणे धोक्याचे, म्हणून एवढ्या प्रभावी औषधाचा लाभ अनेक स्त्री-रुग्णांपर्यंत सहज पोहोचलाच नाही.

क्लोफॅझिमिनचा गुण मंद, पण त्याचा पल्ला सर्वांत मोठा ठरला. डब्लिनमध्ये क्षयरोगासाठी बनवलेले हे औषध जंतू मारते आणि दाहही शमवते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. त्वचा काळवंडते, हा मात्र मोठा अडसर. आजार लपवू पाहणाऱ्याचे बिंग चेहऱ्याच्या रंगाने फुटते. १९८१ नंतर बहुविध औषधोपचारात ते महिन्यातून एकदा ३०० आणि रोज ५० मिलिग्रॅम असे सामील झाले, आणि गाठींची रिॲक्शन पूर्वीपेक्षा कमी झाली. स्टेरॉइडला पर्याय म्हणून वेगळा शोधलेला कोणताही उपाय इतक्या रुग्णांच्या कामी आला नसेल.

नस सुजून हातापायांतले बळ जाऊ लागले, की आजही प्रेडनिसोलोन वेळेवर द्यावेच लागते. तिथे उशीर म्हणजे कायमचे अपंगत्व. दीर्घकाळ चालणाऱ्या रिॲक्शनसाठी आता मेथोट्रेक्सेट आजमावले जात आहे. ते स्वस्त आहे आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. पण यकृत आणि रक्तपेशींची तपासणी वरचेवर करावी लागते आणि गर्भारपणात तेही वर्ज्यच आहे.