आंबील आणि बिअर : दोन घरगुती पेयांची कुळकथा

बिअर हे नाव उच्चारले की आपल्या कुटुंबांत थोडी चुळबूळ होते. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपण गावोगाव पाहिली आहेत. त्यामुळे ही चुळबूळ अनाठायी म्हणता येत नाही. तथापि इतिहास चाळू लागलो की एक वेगळीच गोष्ट हाती लागते. कारखाना आणि गुत्ता यांच्याशी नाते जडण्यापूर्वी हजारो वर्षे बिअर हे घरच्या धान्याचे, चुलीपाशी तयार होणारे पेय होते. तिचे एक दूरचे भावंड बीड जिल्ह्यातील घरांत आजही सुखाने नांदते. त्याचे नाव आंबील.

मार्गशीर्ष महिन्यातील अमावस्येला लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या अंबाजोगाईच्या बाजूला वेळ अमावस्या साजरी होते. सारे कुटुंब शिवारात जाते, आप्तेष्टांना जेवायला बोलावते. भज्जी, उंडे, भाकरी यांबरोबर मडक्यातील गार आंबील वाढली जाते. ज्वारीचे पीठ आणि ताक एकत्र करून ते आंबवायचे, मग त्याला लसूण-जिऱ्याची चव द्यायची, अशी तिची साधी रीत आहे. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी ती एकाच पंगतीत प्यावी, इतकी ती निरुपद्रवी असते.

मग ज्वारीच्या आंबिलीची बिअर का होत नाही? उत्तर धान्याच्या अंगच्या गुणात दडले आहे. धान्यातील पिठूळ अंशाची साखर झाल्याशिवाय यीस्ट त्याचा मद्यार्क बनवू शकत नाही. धान्याला मोड आणले की त्यात निर्माण होणारी द्रव्ये हे साखरेचे काम करतात. मोड आणून वाळवलेल्या अशा धान्याला मॉल्ट म्हणतात. आपल्या आंबिलीत मोड आलेले धान्य नसते. दह्याला विरजणारे जीवाणूच तिच्यात काम करतात आणि तिला आंबट करून थांबतात. ज्या आफ्रिका खंडातून ज्वारी फार प्राचीन काळी भारतात आली, तेथे मात्र तिला मोड आणण्याची प्रथा पडली. सुदानमधील मेरिसा, बुर्किना फासोमधील डोलो या ज्वारीच्याच बिअर होत. त्या परंपरेने घरच्या स्त्रियाच करीत आल्या आहेत. धान्य एकच, एका खंडात त्याची बिअर झाली, दुसऱ्यात आंबील.

आपल्या देशाला धान्याचे मद्य अपरिचित होते, असेही नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुराध्यक्षाचे एक संपूर्ण प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय असे मद्याचे प्रकार तेथे कृतीसह दिले आहेत. मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व असे प्रमाण सांगितले आहे. आंबवण्याच्या क्रियेला आपण 'किण्वन' म्हणतो, तो हाच शब्द. किण्वासाठी लागणारी द्रव्ये निवडण्याचे काम स्त्रिया व मुलांकडे असावे, असेही तेथे म्हटले आहे. उत्सव, जत्रा अशा प्रसंगी चार दिवस लोकांना मद्य करण्याची मोकळीक होती. एरवी राज्याचा अंमल कडक होता. मोकळीक आणि मर्यादा यांची ही जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

युरोपात ही जोडी मठवासी संन्याशांनी सांभाळली. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड यांनी हॉप्स या कडवट वनस्पतीचा पेये टिकवण्याचा गुण नोंदवून ठेवला. म्युनिकमधील पॉलानर संन्याशांची दाट, पौष्टिक बिअर प्रायश्चित्तकाळातील उपवासाशी जोडली गेली. बेल्जियममधील वेस्टमाल व शिमे येथील ट्रॅपिस्ट मठांची बिअर आजही मठाच्या देखरेखीखाली तयार होते आणि तिचे उत्पन्न मठाच्या चरितार्थासाठी व सेवाकार्यासाठी खर्च होते. रोमन विधिग्रंथाच्या जुन्या लॅटिन आवृत्तीत तर बिअरला आशीर्वाद देण्याची स्वतंत्र प्रार्थनाच आहे.

बिअरचे प्रकार कशामुळे पडले, हे पाहू गेल्यास पाण्याचा मोठा वाटा दिसतो. इंग्लंडमधील बर्टनचे पाणी जिप्समयुक्त. त्यात फिकट, कडवट एल उत्तम उतरली. डब्लिनचे पाणी वेगळ्या प्रकारे जड. तेथे भाजलेल्या धान्याची काळी स्टाऊट रुजली. बोहेमियातील पिल्सेनचे पाणी अत्यंत मृदू. तेथे १८४२ साली योझेफ ग्रोल याने सोनेरी लागर तयार केली. आज भारतात खपणारी बहुतेक बिअर या लागरच्याच वंशातील आहे. म्हणजे बिअरची चव ही पुष्कळ अंशी त्या त्या गावच्या पाण्याची चव असते.

भारतात ही बिअर आली ती मात्र गोऱ्या फौजेच्या आणि अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसनची एल जहाजांतून इकडे येऊ लागली. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली ते सैन्य हिंदुस्थानी लष्करात विलीन झाले. छावणीचे पेय एकीकडे, शिंदी व मोहाची दारू दुसरीकडे, आणि या दोन्हींवर सरकारी अबकारी, अशी जुन्या राजवटीतील विभागणी होती. घरात उरली ती आंबील. मद्य अशा रीतीने घराबाहेरचे झाले, पुरुषांचे झाले, आणि घरच्या पंगतीची मर्यादा त्याला उरली नाही.

पाण्याचा हाच धागा पुढे बीडच्या दुष्काळापर्यंत येतो. जायकवाडीचे पाणी छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातील बिअर कारखान्यांना मिळते आणि त्याच धरणाचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात माजलगावकडे येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य व बिअर कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. एक लिटर बिअरमागे कारखान्यात साधारणपणे चार ते सहा लिटर पाणी लागते. सगळा दोष बिअरच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. याच दुष्काळी जिल्ह्यातील ऊस कितीतरी अधिक पाणी पितो. प्रश्न आहे तो घोटभर पाण्याचा पहिला हक्क कोणाचा, हा.

आज शहरांत गव्हाची धूसर बिअर, काळी स्टाऊट, कडवट एल असे प्रकार मिळतात आणि काही सुशिक्षित कुटुंबे ती घरी जेवणाबरोबर चाखतात. कायदा स्पष्ट आहे : महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि परवान्याशिवाय घरी मद्य करणे गुन्हा आहे. ज्या घरात व्यसनाची जखम आहे, तेथे बाटली न येणे हेच शहाणपण. जेथे ती येते, तेथे लहान पेला असावा, ताटात जेवण असावे, पंगतीत घरची माणसे असावीत. हे धान्य कोणत्या शेताचे, हे पाणी कोणत्या नदीचे, असा विचार मनात आला तर पेला आपोआप लहानच राहतो.

आणि पाहुण्यांना बीडची चव दाखवायची असेल, तर मडक्यातील आंबील आधी पुढे करावी. तिला परवाना लागत नाही आणि तिच्या पंगतीतून कुणा मुलाला उठवावे लागत नाही.